टेसी पासमोरची साक्ष

अमेरिकेत ब्रँडीवाइन नदीच्या काठी राहणारी आम्ही क्वेकर पंथाची ख्रिस्ती मंडळी शपथ घेत नाही. रोजच खरं बोलायचं, तर शपथेपुरता वेगळा खरेपणा आणायचा कुठून? टेसी पासमोर तर याबाबतीत इतकी काटेकोर, की पाहुण्याला 'जेवून जा' म्हणायची तेही मनात असलं तरच. ही बाई आपल्या नवऱ्याला फसवतेय असं कुणी सांगितलं असतं, तर आम्ही त्यालाच वेड्यात काढलं असतं.

तिचा नवरा एनॉक घोडागाड्यांची चाकं करायचा. शेजाऱ्याचं धान्याचं कोठार उभारायला सगळा गाव जमला होता, त्या दिवशी तो तुळईवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तो अख्खा हिवाळा त्यानं भिंतीकडे तोंड करून काढला. टेसीनं सूप तोंडाशी नेलं तरी ओठ उघडायचा नाही. माणूस जिवंतपणीच निघून चाललाय, हे तिला दिसत होतं.

मग एके सकाळी त्यानं खडू मागितला. एकदा हलवलं की कायम फिरत राहील असं चाक त्याला सुचलं होतं. आऱ्यांना बिजागऱ्यांवर लोंबणारी वजनं; एका बाजूची बाहेर पसरणार, दुसऱ्या बाजूची आत मिटणार, आणि त्या तफावतीवर चाक आपलं चालूच! खुर्चीत बसून त्यानं ते केलं. काय देखणं काम होतं म्हणून सांगू! नुसता धक्का दिला तरी कितीतरी वेळ फिरायचं. मग थांबायचं.

थांबलेलं पाहिलं ते फक्त टेसीनं. एनॉक स्वयंपाकघरात पाव खात होता, किती महिन्यांनी स्वतःच्या हातानं खात होता. तिथूनच त्यानं विचारलं, "फिरतंय ना गं?"

टेसी पलीकडच्या कामाच्या खोलीत गेली. अंगातला सगळा जोर लावून तिनं चाक ढकललं, मग परत येऊन त्याची खुर्ची दारापर्यंत नेली.

"तूच बघ की," ती म्हणाली.

तोंडानं एक अक्षर खोटं नाही! खुर्ची ढकलायची तीच, त्यामुळे चाक कधी पाहायचं हेही तिच्याच हातात. ते मंदावायला लागलं की "सूप निवतंय" म्हणत खुर्ची मागे. सूप निवत असायचंही खरंच. एनॉक जेवू लागला, हसू लागला, येणाऱ्याजाणाऱ्याला चाक दाखवू लागला. टेसी मात्र प्रार्थनेला बसली की खाली घातलेली मान वर करत नसे.

एनॉकनं पेटंट घ्यायचं मनावर घेतलं, आणि फिलाडेल्फियाहून वाइल्ड्रिक नावाचा वकील आला.

"अवघड आहे हो," वकील म्हणाला. "कुणी सफरचंद सोलायचं यंत्र काढलं तर पेटंटची कचेरी नुसत्या नकाशावर भागवते. पण अखंड फिरणारं चाक म्हटलं, की तिथली माणसं आधी हसतात, मग म्हणतात, चालतं मॉडेल आणून दाखवा."

"मग हेच घेऊन जा की तू," एनॉक म्हणाला. आम्ही वकिलालाही तूच म्हणतो.

"नेतो. पण आधी साक्ष पाहिजे. कुणाचा हात न लागता हे सतत फिरत राहतं, असं शपथेवर."

"शपथ कसली घेऊन बसलास?" शेजारचा लोहार केलेब हूप्स गुरगुरला. "आम्ही हो म्हटलं की हो. मी आलो तेव्हा तेव्हा फिरतच होतं. लिही."

"आणि तुम्ही नसताना?"

"नसताना मला कसं दिसेल, बाबा? ते टेसीला विचार."

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. एनॉक तर खुशीत हसत होता. एका 'हो'चा तर प्रश्न. 'हो' म्हणावं, तर पुढं परक्या शहरात, परक्या लोकांसमोर चाक थांबणार आणि एनॉकच्या नावाचा तमाशा होणार. 'नाही' म्हणावं, तर तो आत्ताच पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. टेसीनं ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले.

"मी ढकलते," ती म्हणाली.

"काय ढकलता?" वकिलाला उमगेना.

"चाक. पहिल्या दिवसापासून. आपणहून ते एकदाही फिरत राहिलेलं नाही."

एरवी कशावरही दोन शब्द सुनावणारा केलेब उठला, त्यानं वकिलाचा दंड धरला आणि त्याला बाहेर घेऊन गेला.

"मला चाकापाशी ने," एनॉक म्हणाला.

वकिलाला दाखवायला म्हणून तिनं मघाशी दिलेला धक्का अजून संपला नव्हता. दोघं बघत राहिले. चाक मंदावलं, एका वजनापाशी अडखळलं, थोडं मागे आलं आणि थांबलं. टेसीला रडू आवरेना.

"बोल की रे काहीतरी! वाट्टेल ते बोल माझ्यावर, पण बोल!"

एनॉकनं तिचं मनगट धरून जवळ ओढलं आणि तिच्या करड्या बाहीवरून अंगठा फिरवला.

"वंगणाचा वास येतो या बाहीला," तो म्हणाला. "रोज यायचा. तू पाव वाढायचीस ना, तेव्हा."

"मग विचारलं का नाहीस मला?"

"विचारलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस."