रानपिंपळीचा रस्सा

सदाशिवरावांच्या वसतिगृहातला उकडलेला भोपळा एकदा ज्याने खाल्ला, त्याला भोपळ्याचं नाव काढलं तरी पोटात ढवळून यायचं. तेल नाही, तिखट नाही, मीठही नावापुरतं. जिभेचे लाड करायचे नाहीत, असं तिथलं अस्वादव्रत होतं. ते पाळायचं चाळीस मुलींनी आणि तो चिकट, पांचट गोळा रांधायचा शकुबाईने.

शकुबाई आष्टीकडची, डोंगराला लागून असलेल्या गावातली. तिथल्या नाल्यांच्या सावलीत रानपिंपळीचे वेल माजतात. पिंपळी हिरवी तोडायची, काळी पडेस्तोवर उन्हात वाळवायची, खडकावरचं दगडफूल खरवडून आणायचं, आणि दोन्ही तेलावर परतून पाट्यावर वाटायचं. तिच्या पाटोडीच्या रश्श्यासाठी लग्नघरची माणसं बैलगाडी पाठवत. असल्या बाईने नवरा वारल्यावर वर्ध्याला येऊन, बोरगावच्या वाटेवर भोपळा उकडत बसावं, याला कारण एकच, तिची पोर माणिक. आई चुलीपाशी आहे तोवर पोरीला वसतिगृहात जागा होती आणि शाळा चालू होती. मॅट्रिकला दोन वर्षं उरली होती.

सदाशिवराव तिथले व्यवस्थापक. पहिल्याच महिन्यात त्यांनी शकुबाईच्या खोलीतून येणारा वास हेरला. तेव्हापासून दर रविवारी माणिक मागच्या दाराने त्यांना रश्श्याचा झाकलेला डबा पोचवू लागली. पंगतीत मात्र हेच गृहस्थ डोळे मिटून भोपळा चघळत आणि मसाल्याने मन कसं मलिन होतं ते मुलींना समजावत. शकुबाईला भोपळ्यापेक्षा त्यांचीच शिसारी जास्त यायची.

एका गुरुवारी संस्थेचे विश्वस्त तपासणीला आले आणि कोठीत, ज्वारीच्या पोत्यामागे, शकुबाईने ठेवलेलं पिंपळीचं गाठोडं त्यांच्या हाती लागलं. एकाने ते हुंगलं, दोनदा शिंकून हे कोणाचं म्हणून विचारलं. सदाशिवरावांनी बेधडक शकुबाईकडे बोट केलं. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ज्याने त्याने आपली चूक सगळ्यांसमोर कबूल करायची, कबूल केली की माफी, अशी तिथली रीत होती. शकुबाई उभी राहिली. डबा सदाशिवरावांकडे जातो हे खरं सांगावं तर उद्याच पोरीला घेऊन गावची वाट धरावी लागणार. चोरून खायची खोड आपलीच, असं तिने मान खाली घालून सांगितलं.

तेवढ्यावर भागलं नाही. सदाशिवरावांनी माणिकलाही उभं करून, तूही हे खातेस का, म्हणून विचारलं. माणिकने आईकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही. आईच्या त्या मसाल्याची मला किळस येते," ती म्हणाली.

विश्वस्तांनी तिला शाबासकी दिली. शकुबाईने रात्रभर मनाची समजूत घातली. पोर भ्याली, शाळा सुटू नये म्हणून बोलली, झालं ते बरंच झालं.

रविवारी सकाळी माणिक रिकामा डबा घेऊन खोलीत आली. या वेळी पिंपळी जरा जास्त घाल, असा सरांचा निरोप होता.

"गाठोडं तं जाळाले नेलं ना त्यायनं?" शकुबाईने विचारलं.

माणिकने ओच्यातून तेच गाठोडं काढून पाट्याशी ठेवलं. सरांनी ते जपून ठेवलं होतं म्हणे.

"तुले काईच नाई वाटत, माणिक?"

"काय वाटायचं त्यात? असंच असतं. कर लवकर, मलाही भूक लागलीय."

शकुबाईने रस्सा केला. माणिकने भाकर कुस्करून दोन वाट्या ओरपल्या, बोटं चाटली. मग राखेने हात खसखसून धुतले, वास गेला का ते हुंगून पाहिलं, प्रार्थनेला बसताना करायची तसा चेहरा केला आणि डबा पदराआड धरून निघाली. शकुबाई दारात उभी होती. सदाशिवरावांवर तिला मनातल्या मनात थुंकता तरी येत होतं. आज तीच शिसारी तिला पोटच्या पोरीची आली, आणि तिच्याच शाळेसाठी आपण अजून दोन वर्षं इथे रांधणार आहोत, हे तिला ठाऊक होतं.