बाटलीत घालायच्या साखरेसाठी घाटकोपर, मरोळ, मालाड

आमच्या मुलुंडच्या घरात पप्पांनी आजवर आम्हा मुलांसमोर ग्लास उचलला नव्हता. प्यायचे ते गॅलरीत, पाठ करून, आणि आम्हीही काही दिसत नसल्यासारखं वागायचो. त्यामुळे मी घरी केलेल्या बिअरबद्दल ते स्वतःहून म्हणाले, "गटारीला दे, समोर बसून घेतो," तेव्हा मी ऐकतच राहिले. श्रावण लागला की ते थेंबालाही शिवत नाहीत. आणि भरलेल्या बाटल्यांना फेस धरायला दोन आठवडे तरी लागतात, म्हणजे पंधरा दिवसांवर आलेल्या गटारीसाठी याच रविवारी भरणं भाग होतं. भरताना थोडी साखर घालायची असते. यीस्ट ती खातं आणि बंद बाटलीत गॅस तयार होतो. कुठली साखर, एवढाच प्रश्न होता. व्हिडिओ बघून बघून माझ्या डोक्यात डेक्स्ट्रोज, म्हणजे शुद्ध ग्लुकोज, बसलं होतं.

घाटकोपरला केमिस्टकडे ग्लुकोज पावडर होती, पण संत्र्याच्या स्वादाची. साधी होती तिच्यात जीवनसत्त्वं घातलेली.

"अशक्तपणा कुणाला आहे?" त्याने विचारलं.

"मलाच," म्हटलं. तोवर ते खरंही झालं होतं.

तिथून मेट्रोने मरोळ. औद्योगिक वसाहतीत बेकरीचं सामान विकणाऱ्या एकाचं शटर अर्धं उघडं होतं. "मॅडम, पच्चीस किलो की बोरी है, खुला नहीं मिलेगा," एवढं बोलून तो परत जेवायला बसला. मीही कोपऱ्यावर उभ्याने उसळपाव खाल्ला. उसळ बरी आहे, पण मुद्दाम वाट वाकडी करून जाण्यासारखी नाही.

गुंदवलीला मेट्रो बदलून मालाड. बाजारात कोल्हापुरी गूळ घेतला आणि तिथेच राहणाऱ्या नीलेशकडे गेले. बिअर करायला मला त्यानेच शिकवलं.

"गूळ चालेल ना रे?"

"चालेल. पण प्रत्येक ढेपेत ओलावा वेगळा. कमी पडला तर बिअर सपक, जास्त झाला तर ते बघ." त्याच्या स्वयंपाकघराच्या छतावर फुटलेल्या बाटलीचा मोठा तपकिरी डाग होता. "घरातली साखर टाक ना यार. लिटरला सहा ग्रॅम, पाण्यात उकळून. यीस्टला काय फरक पडतो?"

"मग मी सकाळपासून काय करतेय?"

"फोन करायचास की आधी."

मुलुंडची बस लिंक रोडवर रांगत राहिली. घरी पोचले तेव्हा पाय बोलत होते. तरी डब्यातली साखर मोजली, उकळली, गार केली, बाटल्या भरल्या.

गटारीला पहिली बाटली उघडली, फेस झकास आला. पप्पांनी ग्लास घेतला, माझ्या समोरच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि उठून गॅलरीत गेले. पाठ माझ्याकडे. मला फार वाईट वाटलं. तीन उपनगरांचा शीण त्या क्षणी एकदम अंगावर आला.

तुम्ही बाटल्या भरणार असाल तर साधी साखर पुरते, वणवण करू नका. एवढंच लिहून हा लेख संपवणार होते.

पण थोड्या वेळाने, मागे न वळताच, पप्पांनी रिकामा ग्लास माझ्या दिशेने धरला.

"आणखी आहे काय गं?"

मी ओतली. ते वळले नाहीत. मी माझा ग्लास आणला आणि त्यांच्या पाठीमागे, गॅलरीच्या दारात बसून संपवला.