मतं मागायला निघालेल्या बाई

जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीवर पूर्वी असलेल्या त्या बाई आमच्या शेजारीण. त्यांना निवांत बसलेलं मी पाहिलेलंच नाही. बोलता बोलता त्या माझीच भांडी लावून टाकतात.

त्यांच्या दुसऱ्या निवडणुकीत मी त्यांच्यासोबत कामठ्याकडे प्रचाराला गेले होते. शाळेच्या वेळेला भाताच्या एका बांधीत लहान पोरगी रोवणी करत होती. बाई तशाच चिखलात उतरून तिच्या बापापाशी गेल्या.

“काऊन जी, पोरगी शाळेत काऊन नाही?”

बाप चिडला. “मत मांगाले आल्या का भांडाले?”

“पहिले पोरगी शाळेत धाडा. मत मंग पाहू.”

निवडणुकीत बाई पडल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन त्याच गावच्या शाळेत गेल्या. पोरगी वर्गात होती.

“झालं ना? आता तरी बसा जरा,” मी म्हणाले.

“एवढी एकच पोरगी हाय का गावात?” म्हणत त्या बांधीकडे निघाल्यासुद्धा.