सासूबाईंचं मशीन आणि तीन ठिकाणची वीज

सासूबाई हॉस्पिटलमधून घरी आल्या त्या ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. फुप्फुसं अशक्त झाली होती. दिवसातला बराच वेळ नाकाला नळी लावून बसावं लागणार होतं. मशीन विजेवर चालतं, एवढंच माझ्या नवऱ्याच्या डोक्यात बसलं आणि तेव्हापासून तो घरात स्वस्थ बसलेला मी पाहिला नाही. चाकणच्या एका कंपनीत तो मेंटेनन्सला आहे. घरी पंखा जरा मंदावला तरी जेवणावरून उठून मीटरपाशी जायचा.

पिंपळे गुरवमधल्या आमच्या घराच्या गच्चीवर सोलर होतंच, बिल कमी यावं म्हणून बसवलेलं. मला वाटायचं, लाइट गेली तरी दिवसा आपल्याला काळजी नाही. त्यानं सांगितलं, तसं नसतं. बाहेरची लाइट गेली की आपलं सोलरही आपोआप बंद होतं. नाहीतर आपली वीज तारेत जाईल आणि खांबावरच्या वायरमनला धक्का बसेल. भर उन्हात पॅनेल तापत पडायचे आणि खाली पंखा बंद, हे मला पटायलाच वेळ लागला.

मग त्यानं पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर आणून मागच्या बोळात ठेवला. घराला बाहेरची वीज द्यायची की जनरेटरची, ते ठरवणारं एक हँडल मीटरशेजारी बसवून घेतलं. मला समोर उभं करून तो शिकवायचा, "आधी सोलरचा स्विच खाली. मग हँडल जनरेटरकडे. मगच दोरी ओढायची."

"आणि चुकलं तर?"

"चुकायचंच नाही," तो म्हणायचा. असल्या उत्तरानं माणूस शांत कसा होणार?

एप्रिलमधल्या एका सकाळी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. तो फर्स्ट शिफ्टला गेलेला, मी घरून ऑफिसचं काम करत होते. सासूबाईंचं मशीन कर्कश बीप करायला लागलं. मी धावत खाली गेले. सोलरचा स्विच, हँडल, दोरी. जनरेटर सुरू झाला, मशीन चालू झालं. नवऱ्याला फोन केला, तर त्याचा पहिला प्रश्न, "हँडल नीट बसलंय का? परत बघ."

परत बघितलं. खिडकीतून समोरच्या खांबावर वायरमन चढताना दिसला. पुन्हा खाली पळाले, हँडलला हात लावून खात्री केली. तेवढ्यानंही समाधान होईना, म्हणून फाटकातून ओरडले, "दादा, आमचा जनरेटर चालू आहे!"

"लाइन अर्थ केलीय ताई, चुकून वीज आली तरी जमिनीत जाईल, बिनधास्त राहा!" तो वरून म्हणाला.

घरात आले तर सासूबाई खोकत होत्या. वारा फिरला होता. बोळातला सगळा धूर त्यांच्या खोलीत शिरत होता. मी खिडक्या लावल्या, फटीत टॉवेल कोंबले, तरी वास जाईना. खोकून त्यांचे डोळे लाल झाले. ज्यांच्या श्वासासाठी हे सगळं मांडलं, त्यांचाच श्वास त्यामुळे कोंडत होता. मी जनरेटर बंद केला आणि अडीनडीला ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर त्यांना लावला.

एकदम सगळं शांत झालं. मी मात्र सिलिंडरच्या काट्यावरून नजर हटवू शकत नव्हते. किती वेळ पुरेल? दुसरा कुठे मिळेल? नवऱ्याचे फोन चालूच होते. तो कंपनीतून निघाला होता आणि मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. "काटा कुठे आहे? आता कुठे आहे?"

सासूबाईंनी हात पुढे केला. "दे हिकडं." फोन कानाला लावून, थांबत थांबत त्या म्हणाल्या, "आरं, मी बसलीया हितं. मला काय झालं न्हाई. माझ्या धापंपरीस तुमच्या धावपळीचीच मला धास्ती बसलीया. गाडी हळू चालव." मग माझ्याकडे वळून, "तू बी बस गं जरा. तो काटा काय पळून जात न्हाई."

मी बसले. पण पाय हलत होते.

नवरा पोहोचला तेव्हा काट्यात अजून बरंच शिल्लक होतं. तो आईच्या पलंगाशी बूट न काढताच बसला. सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. दुपारी लाइट आली.

पुढच्याच महिन्यात आम्ही बॅटरी आणि तिच्यावर चालणारा वेगळ्या प्रकारचा इन्व्हर्टर बसवला. आता लाइट गेली की घर आपोआप बाहेरच्या तारेपासून तुटतं आणि सोलर बॅटरीच्या जोडीनं चालत राहतं. जनरेटर लांब कोपऱ्यात हलवला, पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांसाठी. लाइट गेल्याचं बऱ्याचदा आम्हाला शेजाऱ्यांकडून कळतं. नवऱ्याला मात्र कळतंच. तो उठतो, बघून येतो, बसतो, पुन्हा उठतो.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंच्या माहेरी, माण तालुक्यात, भाचीचं लग्न होतं. "मी जाणार हाय," त्यांनी जाहीर केलं. नवरा नाहीच म्हणाला. तिथली वीज, तिथला हॉल, काय भरवसा? त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. शेवटी डॉक्टरांना विचारून, दोन सिलिंडर गाडीत टाकून आम्ही गेलो. नवऱ्यानं पोहोचल्या पोहोचल्या हॉलच्या मॅनेजरला गाठलं, जनरेटर कुठे आहे, डिझेल किती आहे, शेवटचा कधी चालवला होता. अक्षता पडल्या तेव्हाही तो मागच्या बाजूला डिझेलची टाकी बघत होता. सासूबाई नाकात नळी घालून माहेरच्या बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या, आणि कुणाच्या तरी सुनेची नक्कल करून सगळ्यांना हसवत होत्या.