बेसची तासलेली मान

संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. स्टील प्लांटमध्ये मी इन्स्पेक्शनला. समोर आलेला प्रत्येक तुकडा खोटा आहे असं धरूनच मापायचा. ही सवय गेट ओलांडल्यावरही सुटत नाही आणि दूधवाल्यापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांना तिचा जाच होतो.

म्हणून बाबांची बेस गिटार बऱ्याच वर्षांनी घरी आली, तेव्हा वाजवण्याआधी मी ती उघडली. जुनी जपानी बेस. जयंतीच्या ऑर्केस्ट्रात बाबा भीमगीतांना ती वाजवत. ते गेले तेव्हा मी शाळेत होतो, आणि त्यानंतर गिटार गेली काकांकडे. काका म्हणजे बाबांचे मित्र. मशीन शॉपमध्ये त्यांच्या शेजारच्या लेथवर, आणि ऑर्केस्ट्रात पेटीवर. आता रिटायर होऊन कॅम्प-1 मध्ये राहतात. त्यांच्या घराला रंग द्यायचा होता, तेव्हा ते ती रिक्षात घालून सेक्टर 2 ला आमच्या क्वार्टरवर घेऊन आले.

इंटरनेटवर त्याच मॉडेलचे फोटो मिळाले. ते समोर ठेवून मी ताडून पाहू लागलो, आणि माझं डोकं फिरलं. तारा पिळायच्या मूळच्या जाड खुंट्या गायब, त्यांच्या जागी हलक्या, पातळ पत्र्याच्या. जुनी भोकं सरस आणि भुसा भरून बुजवलेली. तारा जवळजवळ आणलेल्या. ब्रिजवरचे, म्हणजे खाली तारा टेकतात तिथले, तुकडे स्टेनलेसचे, लेथवर काढलेले, आणि प्रत्येकावर पंचची बारीक खूण. ही खूण मी ओळखतो. आमच्या क्वार्टरची कडी, आईचा खलबत्ता, माझी सायकल, जे जे काकांनी घडवलं त्या सगळ्यावर ती आहे. आमच्याकडे कुणीच काही बाजारातून आणत नसे, मशीन शॉपमधला माणूस करून देई.

सगळ्यात वाईट म्हणजे मान. मागून तासलेली, इतकी बारीक की माझा हात तिच्यावर आखडत होता. बाबांचा पंजा तर माझ्यापेक्षा मोठा. या मानेवर त्यांनी वाजवणं शक्यच नव्हतं. म्हणजे काकांनी बाबांची गिटार कुणाला तरी विकली आणि ही कुठलीतरी आमच्या गळ्यात मारली.

मी तसाच कॅम्प-1 ला गेलो.

"हे काम तुमचं?"

"हो, मीच केलं," काका म्हणाले.

"कावून?"

"करा लागलं."

"मंग जुन्या खुंट्या कुठं गेल्या?"

"असतीन कुठंतरी. चाय घेतं का?"

इन्स्पेक्शनमध्ये असं उत्तर देणाऱ्याचा माल मी डोळे मिटून परत पाठवतो. मी म्हणालो, "माह्या बाबाची गिटार विकली तुमी."  काका "बरं," एवढंच म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. मी चहा न घेता निघालो.

घरी येऊन तावातावानं आईला सगळं सांगितलं. ती कुकर लावत होती.

"त्याले असं बोलला तू?"

तिनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले, पलंगावर बसून गिटार मांडीवर घेतली. तिचा डावा हात त्या मानेभोवती बसला, आणि नीट बसला. न बघता तिनं एक खुंटी पिळली. मग वाजवायला लागली. हळू. दोन जागी अडखळली, "हट्," म्हणाली, पुन्हा सुरू केलं.

मी दारात उभा.

"तुह्या बाबानं शिकवलं," ती म्हणाली. "एका जयंतीले मी स्टेजवर वाजवणार होती. माह्या हातात मान मावे ना, वजन पेले ना. बाबानं तुह्या काकाले सांगितलं, त्यानं सारं करून देल्लं."

"मंग?"

"मंग जयंतीच्या आधीच तुहे बाबा गेले. मीच काकाले म्हटलं, घेऊन जाय हे माह्या डोळ्यासमोरून, अन् कोणालेच सांगू नको."

मला राग आला. माझ्याच घरात एवढं घडलं आणि मला पत्ता नाही. "मले कावून नाही सांगितलं?"

"तू विचारलं कधी? गिटार आल्यापासून नुसता मोजूनच राहिला."

मी परत कॅम्प-1 ला गेलो. काका बाहेर ओट्यावर बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"वहिनीनं वाजवलं का?"

"हो. दोन जागी चुकली."

"कुठं?"

मी गुणगुणून दाखवलं.

"तिथं वहिनी पहिलेपासून चुकते," काका म्हणाले, आणि माझा हात धरून रडायला लागले.