पायऱ्यांवरचं पाणी

कुठंही गेला की हा माणूस आधी उकिडवा बसायचा. डावा डोळा मिटायचा, उजवा तळहात आडवा करून नाकाशी धरायचा आणि जमिनीकडं बघायचा. मग म्हणायचा, "चार बोटं उतार हाय इकडं." लग्नाच्या मांडवात तेच, दवाखान्याच्या ओट्यावर तेच. एकदा आम्ही सोयरीक बघायला गेलो, तर पोरीच्या आधी त्यानं अंगण बघितलं. "पावसाळ्यात पानी चुलीत येतंय ह्यांच्या," असं सगळ्यांच्या देखत म्हणाला. आम्हाला चहा मिळाला नाही.

असा एखादा तुम्हीही बघितला असेल. आमच्याकडं तो मातीकामाचा मुकादम होता. वालूरच्या अंगाला जे बांध दिसतात, त्यातले निम्मे त्याच्या हातचे. मी आणि माझी बायको त्याच्या टोळीत वीस वर्षं राबलो. मी खोदायचो, ती टोपलं वाहायची. बांध पुरा झाला की तो वर चढून टाच आपटायचा आणि म्हणायचा, "एक थेंब जायचा न्हाई." आमचा मुलूख पाण्याचा भुकेला, म्हणून ह्या एका वाक्यावर त्याची इज्जत होती.

मग माझी बायको गेली. आम्ही महादेवाची माणसं. आमच्यात जाळत नाहीत, मातीत बसवतात, आणि रान असलं तर आपल्याच रानात. मी बाभळीजवळचा कोपरा दाखवला. माणसांनी कुदळी घातल्या. तेवढ्यात मुकादम पुढं आला, उकिडवा बसला आणि हात नाकाशी धरला.

भावकी चिडली. "मुकादम, आज तरी ऱ्हाऊ द्या की तुमचं!"

तो हलला नाही. म्हणाला, "इथं पानी थांबतंय. अक्काला ओलीत बसवू नका. वरल्या अंगाला घ्या."

जंगम स्वामी माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली. वरच्या अंगाला घेतलं. त्या साली मी दाखवलेल्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी उभं होतं. ती मात्र कोरडी होती.

पण मी रान पेरलं नाही. तिच्या उशाशी औत घालायचं माझ्याच्यानं होईना. ठोक्यानं कसायला मागायला आले त्यांना शिव्या घालून हाकललं. दोन वर्षं गेली. हराळी माजली, बोरीबाभळी उगवल्या. अजून एक साल गेलं असतं तर ते रान राहिलं नसतं, आणि मीही राहिलो नसतो, हे गावाला दिसत होतं. मुकादम रोज दिवस मावळताना येऊन बांधावर बसायचा.

"अप्पा, पेरायचं कवा?"

"तुझ्या बापाचं रान हाय का?"

"न्हाई. पन बांध माझा हाय."

तिसऱ्या साली मृग कोरडा गेला. एका सकाळी तो दोन तिकिटं घेऊन आला. त्याचा जावई मिलिटरीत, पार पूर्वेला, डोंगरातल्या एका लहान गावाजवळ. पोरीनं फोनवर दाखवलं होतं, की तिथं आख्ख्या डोंगराला पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर पाणी उभं आहे, त्यात भात लावतात. मुकादमाला हे पटलं नव्हतं.

"जिन्यावर पानी उभं ऱ्हातंय व्हय? चित्र आसंल. चल बघून येऊ."

"मला कशाला वढायलास?"

"तुझं रान पडीक, तूबी पडीक. काय काम हाय तुला?"

हे मला लागलं. लागलं म्हणूनच गेलो.

परभणीला गाडीत बसलो. पिंगळीचं स्टेशन मागं पडलं तोवर ह्यानं भाकरी सोडल्या. पुढं तीन दिवस तो खिडकीशी बसून माती बघत होता. "काळी सरली." मग, "तांबडी लागली." मग, "ही राखेवानी हाय, हिच्यात काय येत आसंल?" मी ऐकायचो, झोपायचो, उठायचो. बाहेर नवीच नदी असायची. मला वाटायचं, गाडी उभी आहे आणि देशच मागं चाललाय.

शेवटी जीपमध्ये बसलो आणि ती ढगात शिरली. आमच्याकडं ढग वर असतो. तिथं तो रस्त्यात म्हशीवानी बसला होता, हॉर्न दिला तरी उठेना.

गाव पत्र्याचं. एकाच्या छपरावर दुसऱ्याचं अंगण. माणसं बुटकी, गोरी, हळू बोलणारी. पहाटे घंटा वाजली, मला वाटलं आपलंच देऊळ. बाहेर आलो तर जमीन नव्हती. खाली आभाळ, वर आभाळ, मध्ये मी. धुकं जरा फाटलं तेव्हा कळलं, खालचं आभाळ म्हणजे पाणी आहे. परातीत पाणी घालून एकीखाली एक मांडत जावं तशा पायऱ्या, पार नजर पोचत नव्हती तिथवर. कुठं आवाज नाही. मला वाटलं मी मेलोय, आणि आता ती कुठून तरी टोपलं घेऊन वर येईल. खरं सांगतो, मी वाटही बघितली.

मुकादम उकिडवा बसला होता, हात नाकाशी. लय वेळ झाला.

"किती बोटं?" मी विचारलं.

"गप," म्हणाला.

पण गडी गप बसणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी हिंडताना त्याला एका पायरीच्या बांधाला वीतभर खाच दिसली. त्यातून पाणी खाली चाललेलं.

"अरं फुटला की बांध! हितल्या माणसास्नी डोळे न्हाईत का?"

मी म्हणालो, आपलं काय जातं. पण वाहतं पाणी बघून आमच्या माणसाला दम निघत नाही. त्यानं अंगावरचं उपरणं काढलं, त्यात दगड आणि चिखल भरला आणि खाचेत ठासला. वर टाच आपटली. "एक थेंब जायचा न्हाई."

त्या रात्री पाऊस झाला. सकाळी जावयाच्या दारात एक म्हातारी उभी. हातात चिखलानं भरलेलं उपरणं. ओरडली नाही, रागावली नाही. मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाली, "बंद मत करो. नीचे भी खेत है."

जावई आम्हाला घेऊन तिच्या मागं गेला. वरची पायरी फुगून भलतीकडंच फुटली होती, रोपं मातीखाली गेली होती. तो लोंढा खालच्या पायऱ्यांचं पाणीही घेऊन गेला होता, तिथं नुसता चिखल उरला होता, रोपं आडवी.

"मामा, काय केलंत हे?" जावई म्हणाला. "ती खाच मुद्दाम असती. एक पायरी भरती आन मग खालचीला सोडती. तुमी खालच्या सगळ्यांचं पानी तोडलं."

मुकादमाचं तोंड इतकं लहान झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. चपला काढल्या आणि चिखलात उतरला. मीही उतरलो. दुपारपर्यंत म्हातारी आणि आम्ही दोघं बांध घालत होतो. तिथं टोपल्यानं माती टाकत नाहीत, चिखल पायानं तुडवत चढवतात. ह्यानं सवयीनं मोठं ढेकूळ थापलं तर तिनं त्याच्या हातावर चापट मारली.

"माझ्या आयनंतर मला कुनी हाणलं न्हवतं," तो म्हणाला, आणि खूश झाला.

जेवायला ती शेताच्या कोपऱ्यातल्या एका दगडावर बसली. पानात बांधलेला भात सोडून आम्हालाही दिला. त्या दगडाला चारी बाजूंनी रोपं चिकटून लावलेली, पाणी दगडाला टेकलेलं. मी बांधावर थांबलेल्या जावयाला विचारलं, हा दगड कशाचा. त्यानं तिला विचारलं.

"तिच्या मालकाचा हाय, अप्पा. खालीच पुरलंय त्यास्नी."

घास माझ्या हातातच राहिला. मी म्हणालो, "इचार तिला, काय वाटत न्हाई का? मानसाच्या अंगावर चिखल करायचं?"

तिनं घास गिळला, दगडावर हात ठेवला आणि हसत काहीतरी बोलली.

"म्हनती, जिवंत होता तवा लय कामचुकार होता. आता कुटं रोज रानात हाय."

मी हसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मुकादमानं माझ्याकडं बघितलंही नाही. उठून चिखल तुडवायला लागला.

परतीच्या गाडीत काळी माती दिसायला लागली तेव्हा मी म्हणालो, "पेरतो."

तो खिडकीकडंच बघत राहिला.

"तिच्यापासून किती जागा सोडू?"

"सोडू नको. चिटकून घे."

आर्द्रात रान साफ केलं. ट्रॅक्टरवाल्यानं सोयाबीन पेरलं. तिच्याभोवती मात्र मुकादमानं कुणाला येऊ दिलं नाही. स्वतः तूर घेऊन बसला आणि एकेक दाणा बोटानं मातीत घालत सरकत गेला. ओळ वाकडी गेली.

"मुकादम, नागावानी गेली की तुझी."

"डोळ्यात कचरा गेलाय."

वारा नव्हता. जाता जाता त्यानं आपल्या हातानं घातलेल्या बांधाला फावड्यानं वीतभर खाच पाडली आणि खालच्या रानाकडं मान केली. "त्याचंबी रान हाय."

दिवाळीनंतर एका दुपारी मुकादम जेवून ओट्यावर आडवा झाला, तो उठलाच नाही. तूर फुलावर होती. त्यानं ती बघितली होती, ओंजळीत धरून हुंगली होती, एवढं मला पुरतं.

यंदा ट्रॅक्टरवाला म्हणाला, "अप्पा, तेवढं अक्काच्या भोवतालचं मशीननं घेतो की. सरळ ओळ यील."

मी म्हणालो, "हात लावू नको."

तो निघून गेल्यावर मी गुडघ्यावर बसलो. मागच्या तुरीची धसकटं अजून मातीत होती. एकेका धसकटाच्या शेजारी एकेक दाणा घालत मी तिच्याभोवती सरकत गेलो, तितकंच वाकडं.