दादाच्या गिटारीतली चादर

मुलांनो, तुमची गिटार ॲम्प्लिफायरला जोडली की किंचाळते, असं पत्रात वाचलं, म्हणून हे लगेच लिहिते आहे. माझा दादा आपल्या फुगीर, पोकळ गिटारीला मायक्रोफोन बांधून ती घरच्या रेडिओतून वाजवायचा. तीही अशीच किंचाळायची. एकदा वडील म्हणाले, "पुन्हा ओरडली, तर ती घराबाहेर!" दादाचं तोंड उतरलं.

सोलापुरात चादरींच्या तुकड्यांना काय तोटा! आवाज पोकळ पोटात घुमू नये, म्हणून मी ते गिटारीच्या तारांच्या दोन बाजूंना असलेल्या लांबट भोकांत कोंबले. आई हसली, "काय गं, थंडी वाजते की काय तिला?"

दादानं रेडिओचा आवाज निम्म्यावर आणून तार छेडली. सूर तेवढा आला, किंचाळी नाही. वडील वर्तमानपत्राआडून म्हणाले, "हं, चालू दे."

रेडिओ केव्हाच गेला. गिटार माझ्याकडे आहे, आणि चादरीचे तुकडे अजून आतच आहेत.